उलट्या पिळाची तार

३ फेब्रुवारी

मायना काय घालावा ते सुचलं नाही. ‘प्रिय’ खोटं होईल, आणि ‘महोदय’ लिहिलं तर तू हसशील; तेवढा आनंद मला तुला द्यायचा नाही. फोन तू उचलत नाहीस. पत्राचं एक बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी हातात घ्यावं लागतं.

काल संध्याकाळी टोळ वर्कशॉपमध्ये आली आणि हेल्मेट टेबलावर ठेवून नुसती उभी राहिली. टोळ म्हणजे माझी नवी रायडर. सगळे हातपाय लांब, गाडीवर बसली की गुडघे कानाला लागतात, म्हणून तुझ्या आईने तिचं नाव टोळ ठेवलं. तुला तिची ओळख करून द्यायची गरज नाही म्हणा, परवा तू तिला फोन केलासच.

"ताई, ते म्हणाले, त्या बाईच्या मॅपवर बसू नकोस," टोळ म्हणाली. "सरळ पट्टीच्या शेवटी पिस्टन जाळते ती. माझा पाय बघ, म्हणाले."

तुझा पाय मी बघितला आहे. दोन ठिकाणी मोडलेला, प्लास्टरमधला, रोज सकाळी उचलून उशीवर ठेवलेला. उचलणारी मीच होते.

लोकांना जी गोष्ट तू सांगतोस ती मला तोंडपाठ आहे. दोन वर्षांपूर्वीची शर्यत, तू पहिल्या तिघांत, सरळ पट्टीवर पूर्ण थ्रॉटल. शेवटाला इंजिनाने दम सोडला, पिस्टनला भोक पडलं, तेल मागच्या टायरवर आलं आणि तू डांबरावरून घसरत गेलास. इथपर्यंत सगळं खरं. पुढे तू म्हणतोस की बायकोने इंजेक्शनचा मॅप चुकवला, वरच्या वेगाला पेट्रोल कमी सोडलं, म्हणून इंजिन जळलं. ते खोटं आहे. तेव्हाही खोटं होतं, आणि तू दोन वर्षं सांगत राहिलास म्हणून ते खरं होत नाही.

त्या दिवसापासून माझ्याकडे एकही रेसची गाडी आली नाही. स्कूटरचे फिल्टर साफ करून घ्यायला लोक येतात. दारात गाडी लावता लावता विचारतात, "मॅपला हात लावणार नाही ना?"

म्हणून मी ठरवलं, परत शर्यतीत उतरायचं. तीच गाडी. नवा पिस्टन, नवा सिलिंडर, बाकी सगळं तेच. आणि मॅपही तोच, त्यातला एक आकडा मी हलवलेला नाही. टोळला मी तो लॅपटॉपवर उघडून दाखवला. उभं इंजिनाचं फिरणं, आडवं थ्रॉटल किती उघडलाय ते, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा, त्या क्षणी इंजेक्टरने किती पेट्रोल सोडायचं त्याचा. तिला सांगितलं, यातली एकेक चौकट मी रोलरवर गाडी चढवून भरली आहे. मागचं चाक रोलरवर फिरतंय, समोर पंखा घोंघावतोय, आणि धुराचं माप बघून मी एकेक आकडा खालीवर करतेय. तू कंटाळून वर झोपायला जायचास. माप मोठ्याने वाचून दाखवायला आई बसायची, कानात बोळे आणि मांडीवर आग विझवायचा सिलिंडर, नातू घेऊन बसावं तशी. अजूनही तीच बसते.

उजवीकडचा वरचा कोपरा मी तिला मुद्दाम दाखवला. पंखा कितीही मोठा असला तरी खऱ्या रस्त्यावरचा वारा तो देत नाही. सरळ पट्टीवर वारा गाडीच्या नाकातून आत कोंबला जातो, हवा वाढते, म्हणून तिथे मी पेट्रोल हिशेबापेक्षा जरा जास्तच ठेवलंय. तुला ते कधी आवडलं नाही. "शेवटी गाडी जड वाटते," म्हणायचास. जड वाटायचीच. शाबूत पण राहायची.

टोळ हेल्मेट घेऊन गेली. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी शर्यत आहे. तिला परत फोन करू नकोस. सांगायचं असेल ते मला सांग.

कळावे. लोभ नसला तरी चालेल.

१३ फेब्रुवारी

उत्तर लिहिलं नाहीस, दिलंस मात्र, तेही भोंग्यावरून.

ट्रॅकवाल्यांनी तुला निवेदक नेमलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, खरं सांगते. पाय शर्यतीचा राहिला नाही तरी आवाज शाबूत आहे, आणि गाड्यांबद्दल तुझ्याइतकं रंगवून कोण बोलणार? पण काल सरावाच्या फेऱ्यांत माझी गाडी पिटमधून बाहेर पडली आणि तू माइकवर म्हणालास, "मंडळी, भट्टीवाली परत आली आहे. सरळ पट्टीच्या शेवटी बसलेल्यांनी जरा मागे सरकून घ्या, आणि कोणी कणसं आणली असतील तर भाजून मिळतील."

लोक हसले. हसणारच, विनोद बरा होता. पिटमध्ये माझ्या शेजारी पंक्चरवाला उभा होता, त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं. तो हसत होता की नव्हता ते मी बघितलं नाही.

हेल्मेटमधून भोंगा ऐकू येत नाही, पण लोक हसताना दिसतात. टोळला दिसले. पुढच्या फेरीपासून ती सरळ पट्टीच्या शेवटी थ्रॉटल सोडायला लागली. लवकर सोडते. जिथे ब्रेकसुद्धा लावायचा नाही तिथे तिची मूठ सैल पडते. प्रत्येक फेरीत चार गाड्या तिच्या पुढे जातात. आत आली, हातमोजे काढले.

"गाडी चांगली आहे ताई," म्हणाली. "पण त्या जागेला आलं की मला तुमचे मिस्टर घसरताना दिसतात."

तू जिंकलास की नाही? इंजिन जळायची गरजच उरली नाही. रायडरची मूठ सैल केली की मॅप आपोआप वाईट ठरतो. नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं, पण दुसऱ्याच्या पायाखालचं अंगण वाकडं करून ठेवायचं, ही तुझी स्वतःची भर.

मला राग आलाय. तो आवरून, नीट शब्दांत, समजूतदारपणे लिहावं असं आज मला वाटत नाही. दोन वर्षं मी समजूतदार होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. दवाखान्यात तुझे मित्र माझ्यासमोर म्हणायचे, "वहिनी, जरा सांभाळून करायचं ना." मी मान खाली घालून चहा ओतायचे. तू पलंगावरून बघत असायचास.

पाय बरा झाला आणि त्याच पायाने तू घराबाहेर गेलास. आई तुझ्याबरोबर आली नाही याचं तुला आश्चर्य वाटलं होतं. मलाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "घर माझं, शिलाई मशीन माझं, खाली रोलर बसवताना भिंत पाडली ती माझी. तो गेला म्हणून मी का जाऊ?" तिने एवढंच कारण सांगितलं. दुसरंही एक होतं, ते मी तुला अजून सांगितलेलं नाही.

काल ट्रॅकवर तीही होती. तुझा कणसांचा विनोद तिने ऐकला. घरी आल्यावर हातपाय धुतले, मशीनवर बसली, तुझा जुना लेदरचा सूट टोळच्या मापाने आवळायला घेतला (हो, तुझाच, कपाटात कुजवण्यापेक्षा बरा) आणि मग म्हणाली,

"मी तुला गप्प बसायला सांगितलं होतं, ते त्याचा पाय मोडला होता म्हणून. जीभ मोडली नव्हती. आता सांग त्याला."

मी म्हटलं, "आई, उद्या तुम्हीच म्हणाल की पोराला दुखावलं."

"म्हणेन," ती म्हणाली. "आपला तो बाब्या असतोच. पण बाब्या आता पस्तिशीचा आहे."

आज माझ्याच्याने लिहवत नाही. राग निवळू दे, म्हणजे कमी-जास्त काही लिहिलं जाणार नाही.

१५ फेब्रुवारी

आता ऐक.

शर्यतीच्या आदल्या दिवशी तुझं नवं नाक आलं होतं. गाडीचं पुढचं कव्हर आणि त्यातून एअरबॉक्सला हवा नेणारी नवी नळी, हलकी, काळी, चकचकीत. मी प्लगचे डबे आणायला बाजारात गेले होते. परत आले तेव्हा तू सगळं बसवून मोकळा झाला होतास आणि स्वतःवर खूश होतास. "बघ, तुझ्याशिवाय पण होतं," म्हणालास. मी पण हसले. गाडी देखणी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाची फेरी मारून आलास तेव्हा तुझे डोळे चमकत होते. "आज गाडीला पंख फुटलेत," म्हणालास. "शेवटपर्यंत हलकी, तिखट. असाच मॅप हवा होता मला." मला ते खटकलं. मी मॅपमध्ये काहीच केलं नव्हतं, मग गाडी तिखट कशी झाली? उपाशी इंजिन असंच पळतं, हे मी तुला शंभरदा सांगितलं होतं. पेट्रोल कमी पडलं की आधी ते चपळ होतं, आणि नंतर जळतं. मी म्हटलं, "थांब, एक प्लग काढून बघू दे." तू म्हणालास, "आता नको, नाट लावू नकोस," आणि हेल्मेटची काच खाली केलीस.

तुला दवाखान्यात ठेवून आल्यावर चौथ्या दिवशी मी गाडी उघडली. आई कपडे वाळत घालायला खाली आली होती, ती तिथेच थांबली. पुढचं कव्हर काढलं आणि मला हवेच्या तापमानाचा सेन्सर दिसला. तो एअरबॉक्सच्या आत असायला हवा. हवा किती गरम आहे ते तो बघतो. हवा गरम असली की ती विरळ असते, म्हणून पेट्रोल कमी सोडायला सांगतो. तुझ्या नव्या नळीने एअरबॉक्सवरची त्याची जागा खाल्ली होती. म्हणून तो बाहेर होता. रेडिएटरच्या मागे, फ्रेमच्या नळीला तारेने बांधलेला. रेडिएटरचा सगळा ऊन वारा त्याच्या तोंडावर.

सेन्सरने प्रामाणिकपणे सांगितलं की हवा तापली आहे. मॅपने प्रामाणिकपणे पेट्रोल कमी केलं. वरच्या कोपऱ्यात मी राखून ठेवलेलं सगळं त्यात गेलं, वर आणखी गेलं. इंजिनात जाणारी हवा मात्र गारच होती.

मी तार बघितली. बोल्ट सुटू नयेत म्हणून रेसच्या गाडीवर पीळ दिलेली तार आपण दोघंही बांधायचो. माझा पीळ उजवीकडे जातो, जगातल्या बहुतेकांचा जातो. तुझा डावीकडे. डावखुरा माणूस तारेला पक्कड लावतो तेव्हा मनगट उलटं फिरतं. डोळे मिटून नुसतं बोट फिरवून मी सांगायचे, हा बोल्ट तुझा, हा माझा. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती आपली गंमत होती, आठवतंय? मी एकदाही चुकले नाही.

त्या तारेचा पीळ उलटा होता.

मी आईकडे बघितलं. तिने पण तार बघितली. शिवणकाम करणारी बाई आहे ती, दोरा कुठल्या हाताने वळलाय ते तिला माझ्याआधी कळतं. ती म्हणाली, "त्याचा पाय बरा होईपर्यंत नको सांगूस. खचेल तो." आणि आम्ही दोघींनी अळीमिळी गुपचिळी केली. मी केली, कारण तू पलंगावर होतास आणि मला तू हवा होतास. ही गोष्ट लिहायला मला लाज वाटत नाही.

तू हे मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. नवी नळी बसवायची घाई, सेन्सरला जागा नाही, तात्पुरतं बांधू, नंतर बघू. आपल्या धंद्यात सगळे असं करतात. ‘तात्पुरतं’ म्हणून बांधलेल्या गोष्टी कायमच्या राहतात. तुझ्या लक्षात होतं की नव्हतं, ते मला माहीत नाही. नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले. परवाच्या कणसांनंतर मला ते जरा जड जातंय.

पाकिटात ती तार आहे. कापून ठेवली होती, प्लगच्या रिकाम्या डबीत. बोट फिरवून बघ.

माझं म्हणणं एवढंच. मला माफी नको. तू परत यावंस म्हणून मी हे लिहीत नाही. मधे मधे जेवताना समोरची खुर्ची बघून वाईट वाटतं, ते वेगळं. मला माझं नाव परत हवंय. जिथे घालवलंस तिथे दे. भोंग्यावरून घालवलंस, भोंग्यावरून दे. आणि नाही दिलंस तरी रविवारी गाडी उतरणार. टोळ नाही म्हणाली तर मी बसेन. माझ्या फेऱ्या तिच्याहून संथ होतील, शेवटून पहिली येईन, पण त्या पट्टीच्या शेवटापर्यंत मूठ सोडणार नाही.

२५ फेब्रुवारी

शर्यत तू बघितलीस, तेव्हा ती तुला काय सांगायची! पण तू वर होतास आणि मी खाली, तेव्हा खालचं सांगते.

टोळला सगळं आईने सांगितलं. शनिवारी सूट अंगावर चढवून शेवटची शिवण घालत होती, ओठांत टाचण्या धरून, तशातच तिने पूर्ण गोष्ट सांगून टाकली. तुझं नाव न घेता, "आमचे चिरंजीव" म्हणत. टोळ हलली नाही, हलली असती तर टाचणी टोचली असती. आई थांबल्यावर एवढंच म्हणाली, "म्हणजे सेन्सर आता आत आहे?" मी तिला एअरबॉक्स उघडून दाखवला. तिने स्वतः बोट घालून चाचपलं. "मग मी दाबून धरते," म्हणाली.

पहिल्या फेरीला मी पिटच्या भिंतीवर वाकून उभी होते. कानात बोळे, हातात पाना. पान्याचं काही काम नव्हतं, पण हातात काहीतरी लागतं. आपली गाडी सरळ पट्टीला लागली आणि मी फक्त तिचा आवाज ऐकत राहिले. तुला कळलं असेल, तू पण त्या आवाजावर वाढलायस. वर चढत गेला, गेला, आणि ज्या जागी तुझ्या वेळी तुटला होता ती जागा आली, आणि आवाज तसाच पुढे गेला. कुठे दम सोडला नाही. टोळने मूठ सोडली ती ब्रेकच्या खुणेला, एक इंचही आधी नाही. मी ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही, आई शेजारी होती.

चौथी आली. चौथ्याला कप नसतो. मला कप नकोच होता. आल्या आल्या मी गरम इंजिनाचे प्लग काढले, बोटं भाजली, आणि पंक्चरवाल्याच्या नाकासमोर धरले. चारही प्लग भाजक्या बिस्किटाच्या रंगाचे, म्हणजे पेट्रोल नेमकं; कमी पडलं असतं तर पांढरे निघाले असते. आत दिवा सोडून पिस्टन बघितले. अखंड. पिटमधले सगळे एकेक करून वाकून बघून गेले, कोणी बोलावलं नव्हतं तरी. सोमवारी दारात दोन रेसच्या गाड्या उभ्या होत्या. मॅपला हात लावा, म्हणत होते.

आता मुद्द्याचं.

शेवटच्या फेरीत, पुढच्या गाड्या आमच्यासमोरून जात असताना, तू भोंग्यावरून काहीतरी बोललास. माझ्या कानात बोळे होते आणि समोरून सहा इंजिनं ओरडत गेली. मला फक्त एवढं दिसलं की आजूबाजूचे सगळे एकदम माझ्याकडे बघताहेत. या वेळी कोणी हसत नव्हतं. बोळे काढेपर्यंत तुझं निवेदन पुढच्या वळणावर पोचलं होतं.

पंक्चरवाला म्हणतो, तू म्हणालास, "ते इंजिन मी जाळलं होतं." वेळ मोजणाऱ्या बाई म्हणतात, नाही, "तिचा मॅप बरोबर होता, चूक माझ्या हातची," असं काहीतरी होतं, आणि आवाज बसला होता. चहावाला म्हणतो, आधी बराच वेळ नुसती खरखर होती, त्याला वाटलं माइक बिघडला. टोळ हेल्मेटमध्ये होती. आईने पूर्ण ऐकलंय, तिचा चेहराच सांगतो. पण ती सांगत नाही. "त्याचं त्याने सांगावं," म्हणते, आणि मशीनवर बसते. काल दिवसभर तिने काहीही शिवलं नाही, नुसती चाकं फिरवली.

म्हणजे सगळ्या गावाने ऐकलं, आणि जिच्यासाठी होतं तिने नाही.

तू म्हणशील, झालं की, बोललो, लोकांनी ऐकलं, नाव मिळालं. नाही. मला ऐकीव नको. ऐकीव गोष्टीनेच माझी दोन वर्षं खाल्ली. मी ते ऐकलेलं नाही, तेव्हा माझ्या लेखी तू ते म्हणालेलाच नाहीस.

पुढची शर्यत महिन्याभराने आहे. सुरुवातीच्या रांगेत सगळ्या गाड्या लागतात, मेकॅनिक बाजूला होतात, आणि इंजिनं चालू करायची खूण व्हायच्या आधी घटकाभर अख्खा ट्रॅक गप्प असतो. तुला तो वेळ चांगला माहीत आहे. तेव्हा म्हण. मी टोळच्या गाडीशेजारी उभी असेन, कानातले बोळे काढून.